लघवीची जळजळ आणि अंगावरून पांढरं जाणं: कशावर कोणतं औषध, आणि का

खाली जळजळतंय, खाज सुटलीय, पांढरं जातंय. या तक्रारींमागे बहुतेक वेळा चारपैकी एक आजार असतो: मूत्राशयाचा जंतुसंसर्ग, योनीमार्गातली बुरशी म्हणजे कँडिडा, बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणजे योनीमार्गातल्या जंतूंचं संतुलन बिघडणं, किंवा ट्रायकोमोनास हा सूक्ष्म परजीवी. चारही बरे होतात. औषधं महाग नाहीत आणि महापालिकेच्या दवाखान्यात फुकटही मिळतात. अडचण अशी की एकाचं औषध दुसऱ्यावर चालत नाही आणि कधी कधी ते दुसरा आजार उभा करतं. मूत्राशयासाठी घेतलेली अँटिबायोटिक योनीमार्गातले उपयोगी जंतू मारते आणि आठवड्याभरात बुरशी डोकं वर काढते. मग बुरशीची जळजळ म्हणजे 'जुनं इन्फेक्शन गेलंच नाही' असं समजून पुन्हा अँटिबायोटिक सुरू होते. हे चक्र मुंबईत फार दिसतं, कारण इथे डॉक्टरांच्या आधी मेडिकलचं काउंटर लागतं आणि लाजेपोटी तिथे पूर्ण तक्रार कुणी सांगत नाही.

जळजळ आत होते की बाहेर?

हा पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा. लघवी सुरू असताना आतून, ओटीपोटाच्या खालून जळजळ होते, पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं, गेलं तर चार थेंब होतात, लघवी झाल्यावर कळ येते, तर रोख मूत्राशयाकडे जातो. आपल्याकडे याला उन्हाळी लागली म्हणतात. लघवी बाहेर आल्यावर कातडीला लागून चरचरते, जोडीला खाज, सूज किंवा वेगळा स्राव आहे, तर रोख योनीमार्गाकडे. दोन्ही एकत्र असू शकतं, पण घाईची लघवी आणि कळ आहे आणि स्राव किंवा खाज अजिबात नाही, तर मूत्राशयाचा संसर्ग असण्याची शक्यता खूपच जास्त असते.

स्त्रियांना हा त्रास जास्त का होतो याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. बाईची मूत्रनलिका साधारण ४ सेंटिमीटरची, पुरुषाची त्याच्या पाचपट. तिचं तोंड योनी आणि गुदद्वाराच्या जवळ. आतड्यात गुण्यागोविंदाने राहणारा ई. कोलाय हा जंतू तेवढंसं अंतर कापून वर चढतो. साध्या मूत्राशय-संसर्गात चारपैकी तीन किंवा त्याहून जास्त वेळा दोषी तोच असतो. शरीरसंबंधानंतर त्रास सुरू होतो त्याचं कारणही हेच आहे. जंतू तिचेच असतात, घर्षणाने वर ढकलले जातात. यात कुणी कुणाला रोग दिलेला नसतो. सार्वजनिक शौचालयाच्या सीटवरून हा संसर्ग लागतो ही समजूतही चुकीची आहे. त्या शौचालयाची किळस आली म्हणून तासन् तास लघवी तुंबवणं मात्र खरोखर नडतं.

लघवीचा नमुना: इथेच निम्मी गडबड होते

तरुण, गरोदर नसलेली, मधुमेह नसलेली बाई, लक्षणं अगदी ठरावीक आणि पहिलीच वेळ, तर डॉक्टर कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहायची तपासणी, न करता उपचार सुरू करू शकतात. बाकी सगळ्यांनी, म्हणजे गरोदर बाई, मधुमेही, ताप आलेली, महिन्या-दोन महिन्यांत परत त्रास झालेली, आणि प्रत्येक पुरुषाने, कल्चर आधी द्यायचं आणि गोळी नंतर सुरू करायची. एक गोळी घेतल्यावर दिलेल्या नमुन्यात जंतू न उगवणं सहज शक्य आहे आणि मग पुढचा उपचार अंधारात होतो.

नमुना असा द्यायचा. हात साबणाने धुवा. बाहेरची जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवा. डेटॉल नको, नाहीतर डबीतले जंतूच मरतील. दोन बोटांनी योनीमुखाचे ओठ बाजूला धरा, पहिली धार सोडून द्या, मधली धार लघवी न थांबवता डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडून द्या. डबीच्या आतल्या बाजूला किंवा झाकणाच्या आत बोट लागू देऊ नका. कल्चरसाठी निर्जंतुक डबी लॅबकडूनच घ्या. घरातली लोणच्याची बरणी उकळून चालत नाही.

त्यानंतर वेळ महत्त्वाची. अनुकूल स्थितीत ई. कोलाय सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. मे महिन्याच्या उकाड्यात डबी पर्समध्ये ठेवून बोरिवलीहून परळला नेली, की वाटेतच जंतू कित्येक पटींनी वाढलेले असतात आणि रिपोर्ट खोटा 'पॉझिटिव्ह' येतो. म्हणून शक्यतो लॅबमध्येच नमुना द्या. घरी घेतलाच तर दोन तासांच्या आत पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि २४ तासांच्या आत द्या.

रिपोर्ट वाचताना

साध्या तपासणीत, म्हणजे युरीन रूटीनमध्ये, लोक पस सेल्सवर, म्हणजे पुवातल्या पांढऱ्या पेशींवर, बोट ठेवतात. ० ते ५ नेहमीचे मानतात. पण त्याच कागदावर एपिथेलियल सेल्स, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी, भरपूर असतील, तर नमुन्यात बाहेरचा स्राव मिसळलाय. ते पस सेल्स योनीमार्गातलेही असू शकतात. अशा रिपोर्टवर अँटिबायोटिक घेऊ नका, नमुना नीट परत द्या. नायट्राइट पॉझिटिव्ह आलं तर जंतू असण्याची शक्यता भक्कम. निगेटिव्ह आलं म्हणून संसर्ग नाही असं मात्र नाही, कारण नायट्राइट तयार व्हायला लघवी मूत्राशयात चारेक तास राहावी लागते आणि दर पंधरा मिनिटांनी जाणाऱ्या बाईच्या मूत्राशयात ती राहतच नाही.

कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो. एक मिलिलिटरमध्ये एक लाख किंवा जास्त जंतू, तेही एकाच जातीचे, आले तर संसर्ग नक्की धरतात. लक्षणं ठसठशीत असतील तर कमी संख्याही पुरते. 'मिश्र जंतू' असं लिहिलं असेल तर नमुना बहुधा खराब होता. खाली औषधांची लांब यादी असते आणि प्रत्येकापुढे एस, आय किंवा आर. एस म्हणजे औषध लागू, आय म्हणजे मधलं, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. काही रिपोर्टमध्ये शेजारी एमआयसी नावाचा आकडा असतो, म्हणजे जंतूंची वाढ रोखायला लागणारी औषधाची कमीत कमी मात्रा. ज्याचा आकडा सगळ्यात लहान ते औषध सगळ्यात भारी, असं वाचून रिपोर्ट घेऊन थेट केमिस्टकडे जाणारे पुष्कळ आहेत. हे वाचन चूक आहे. प्रत्येक औषधाची फूटपट्टी वेगळी, एकाचा ०.५ आणि दुसऱ्याचा १६ यांची तुलना करता येत नाही. त्या यादीतली निम्मी औषधं शिरेतून द्यायची, गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवलेली असतात. साध्या मूत्राशयाच्या दुखण्याला मेरोपेनेम 'एस' आलंय म्हणून कुणी ते देऊ नये.

कसलाच त्रास नाही, सहज केलेल्या तपासणीत जंतू आले, तर काय करायचं? गरोदर बाई आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेला रुग्ण सोडले तर बहुतेकांना औषधाची गरज नसते. घरातल्या ७५ वर्षांच्या आजींची लघवी गढूळ दिसते, वास येतो, एवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करू नये. त्या औषधाने आजींचं भलं होत नाही आणि पुढच्या खऱ्या आजाराच्या वेळी औषध लागू पडत नाही.

याउलट, पस सेल्स भरपूर, त्रास महिनोन्‌महिने, आणि कल्चर मात्र दर वेळी कोरं, तर मुंबईत मूत्रमार्गाच्या टीबीचा विचार करावाच लागतो. त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीचे नमुने लागोपाठ तीन दिवस देतात. मूतखडा आणि क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून लागणारा जंतू, ही याची आणखी दोन कारणं.

मूत्राशयासाठी औषध

सध्या साध्या संसर्गाला पहिली पसंती दोन औषधांना आहे.

नायट्रोफ्युरँटॉइन, १०० मिलिग्रॅमची एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, गोळी, सकाळी एक आणि रात्री एक, ५ दिवस. जेवणाबरोबरच घ्यायची, पोटात अन्न असलं की ती जास्त शोषली जाते आणि मळमळही कमी होते. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, त्याने घाबरू नका. हे औषध लघवीत साठतं, रक्तात आणि मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं पोचत नाही. म्हणून ते फक्त मूत्राशयासाठी. संसर्ग वर मूत्रपिंडात गेला असेल तर रिपोर्टमध्ये 'एस' असूनही निरुपयोगी. मूत्रपिंडं कमजोर असतील, जी-६-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल, किंवा गरोदरपणाचे शेवटचे आठवडे असतील तर ते टाळतात. कोरडा खोकला, धाप किंवा हातापायांना मुंग्या आल्या तर थांबवून डॉक्टरांना सांगा.

दुसरं फॉस्फोमायसिन, ३ ग्रॅमचं पाकीट, एकच डोस. जेवणानंतर दोन-तीन तासांनी, झोपण्याआधी लघवी करून घ्यायची, पाकीट अर्धा ग्लास थंड पाण्यात विरघळवायचं आणि लगेच प्यायचं. औषध रात्रभर मूत्राशयात राहावं हा हेतू. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जळजळ थांबली नाही म्हणून दुसरं पाकीट आणायला जाऊ नका. उतार पडायला दोन-तीन दिवस लागतात.

नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही घराघरातली जुनी नावं. भारतात ई. कोलाय या गटाला मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही, हे आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, वार्षिक अहवाल सातत्याने दाखवतात. शिवाय स्नायूबंध आणि नसांवरच्या परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्येच सांगितलं की दुसरा पर्याय असेल तर साध्या मूत्राशय-संसर्गाला ही औषधं वापरू नका. जुलाब झाले म्हणून घेतलेल्या आणि उरलेल्या पट्टीतून दोन गोळ्या लघवीसाठी खाणं यात दोन्ही बाजूंनी नुकसान आहे. पाकिटावरची उभी लाल रेघ हेच सांगते: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही.

आता त्या गोड-आंबट सिरपबद्दल, जे जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर असतं. ते लघवीचा आंबटपणा कमी करतं, त्याने चरचर थोडी कमी वाटते. जंतू मरत नाहीत. आणि नायट्रोफ्युरँटॉइनला काम करायला लघवी आंबटच हवी असते, म्हणून ही दोन औषधं एकत्र घेऊ नयेत. तरीही एकाच कागदावर दोन्ही लिहिलेली दिसतात; तसं असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. या सिरपमध्ये सोडियम किंवा पोटॅशियम असतं. ब्लड प्रेशर किंवा हृदयाचा आजार असेल तर सोडियम नको. टेल्मिसार्टनसारखी ब्लड प्रेशरची गोळी चालू असेल किंवा मूत्रपिंडं कमजोर असतील तर पोटॅशियम नको. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी पुरते. धन्याचं पाणी, सब्जा, बार्ली, कोकम सरबत हे सगळं पाणी पोटात जायचं साधन म्हणून उत्तम. औषध म्हणून त्यावर विसंबून ताप येईपर्यंत थांबू नका.

थंडी वाजून ताप, बरगडीच्या खाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या: संसर्ग मूत्रपिंडात गेलाय. इथे घरी वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. गोळी पोटात टिकत नसेल, बाई गरोदर असेल किंवा मधुमेह असेल तर केईएम, सायन, नायर, कूपर, जे जवळ असेल तिथे इमर्जन्सीत जा. साधा त्रासही गोळी सुरू करून ४८ तासांत कमी व्हायला लागला नाही, तर जंतू औषधाला दाद देत नाही असं समजून परत दाखवा.

पांढरं जाणं: किती नेहमीचं, किती आजार

पाळी सुरू असलेल्या वयात रोज थोडा स्राव होणं नैसर्गिक आहे. महिन्याच्या मध्याला तो अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा, पाळीच्या आधी घट्टसर पांढरा. गरोदरपणात आणि शरीरसंबंधाच्या इच्छेने वाढतो. कपड्यावर सुकून पिवळट डाग पडतो, तोही नेहमीचाच. याने हाडं झिजत नाहीत, ताकद 'वाहून' जात नाही. कंबरदुखी आणि थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासा, झोप आणि कामाचा भार बघा. तिकडे उत्तर सापडायची शक्यता जास्त. आणि नुसतं पांढरं जातं म्हणून कुणी गर्भपिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

योनीमार्ग स्वतःला जपतो तो लॅक्टोबॅसिलस नावाच्या जंतूंच्या जोरावर. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि आतला पीएच ३.८ ते ४.५ च्या आसपास, म्हणजे आंबट, ठेवतात. हे संतुलन कसं बिघडलंय यावरून आजार ओळखतात.

बुरशीत खाज हे मुख्य लक्षण. फाटलेल्या दुधासारखा किंवा दह्याच्या गुठळ्यांसारखा पांढरा स्राव, बाहेर लाली, सूज, कधी बारीक चिरा. वास नसतो. पीएच नेहमीसारखाच राहतो. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये उलट: खाज नाही किंवा थोडी, स्राव पातळ राखाडी-पांढरा, आणि मासळीसारखा वास, जो शरीरसंबंधानंतर वाढतो. पीएच ४.५ च्या वर. ट्रायकोमोनासमध्ये हिरवट-पिवळा, कधी फेसाळ स्राव, खाज आणि वास दोन्ही. हा लैंगिक संबंधातून पसरतो.

वाचून ओळखता येईल असं वाटतं, पण स्वतः केलेलं निदान चुकायचं प्रमाण मोठं आहे. खात्रीची तपासणी साधी आहे. डॉक्टर स्पेक्युलम या योनीमार्ग उघडा धरणाऱ्या साधनाने आत बघतात, पीएचची पट्टी लावतात, स्राव काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ट्रायकोमोनास तिथे वळवळताना दिसतो, पण लगेच पाहिला तरच. काचपट्टी थंड होऊन पडून राहिली की त्याची हालचाल थांबते आणि तो पांढऱ्या पेशींत हरवतो. तपासणीच्या आधी दोन दिवस आत कुठलंही औषध किंवा वॉश नको आणि शरीरसंबंध नको. वीर्य आणि पाळीचं रक्त दोन्ही पीएच वाढवतात.

'लग्न झालंय का?' असा प्रश्न डॉक्टर विचारतात तेव्हा त्यांना शरीरसंबंध येतो का हे जाणून घ्यायचं असतं. लग्न झालेलं नसेल आणि संबंध असेल तर तसं स्पष्ट सांगा. त्यावर तपासण्या बदलतात. संबंध कधीच आला नसेल तर स्पेक्युलमशिवाय, तोंडाजवळून बारीक कापसाच्या काडीने स्राव घेता येतो. तपासणीला नकार द्यायचा किंवा सोबत बाई असावी असं सांगायचा हक्क प्रत्येकीला आहे.

कोणाला काय

बुरशीला फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, एकच गोळी, किंवा क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी: ५०० मिलिग्रॅमची एक रात्र, २०० ची तीन रात्री किंवा १०० ची सहा-सात रात्री. दोन्ही मार्गांचा गुण जवळपास सारखा. त्रास जोराचा असेल तर फ्लुकोनाझोलचा दुसरा डोस तीन दिवसांनी देतात. गरोदर बाईने तोंडाने फ्लुकोनाझोल घेऊ नये. तिला क्लोट्रिमाझोल ७ रात्री. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी, वॉरफरिन किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर फ्लुकोनाझोलआधी डॉक्टरांना सांगा. शुगर अचानक उतरू शकते, रक्त जास्त पातळ होऊ शकतं.

योनीत गोळी ठेवायची पद्धत अशी. झोपायच्या आधी, हात धुऊन. पाठीवर झोपून गुडघे वर घ्या. गोळी अ‍ॅप्लिकेटरमध्ये बसवा, टोकाला एक थेंब पाणी लावा, अलगद आत जाईल तितकं सरकवा, दांडा दाबा, बाहेर काढा. बोटानेही ठेवता येते. बोट पूर्ण आत जाईल एवढ्या खोल. ठेवून लगेच उठायचं नाही. सकाळी पांढरा चुरा बाहेर आला तर औषध वाया गेलं असं नाही. साधा पॅड लावा, टॅम्पॉन नको, तो औषध शोषतो. पाळी सुरू असताना कोर्स सुरू करू नका. क्लोट्रिमाझोल आणि क्लिंडामायसिनच्या क्रीममधलं तेलकट द्रव्य काँडोम कमजोर करतं, हे ध्यानात ठेवा.

बाहेरच्या खाजेवर लावायला क्लोट्रिमाझोलची साधी क्रीम घ्या. क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोन ही नावं ज्या ट्यूबवर आहेत ती घेऊ नका. त्या स्टेरॉइडने दोन दिवस खाज थांबते, मग बुरशी आणखी पसरते, नाजूक कातडी पातळ होते आणि पुढे नेहमीची औषधंही नीट काम करत नाहीत. मुंबईतल्या जांघेतल्या गजकर्णाच्या चिघळलेल्या साथीला या मिश्र क्रीमनी फार हातभार लावलाय.

बॅक्टेरियल व्हजायनोसिसला मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस, जेवणानंतर. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, आणि तिसऱ्या दिवशी वास गेला की बहुतेक जणी गोळी सोडतात. पुढच्या पाळीनंतर वास परत येतो तो यामुळेही. पर्याय म्हणून क्लिंडामायसिन २ टक्क्यांची क्रीम, ५ ग्रॅम, ७ रात्री. कोर्स पूर्ण करूनही वर्षाच्या आत निम्म्याहून जास्त जणींना हा त्रास परत होऊ शकतो. बरीच वर्षं नवऱ्याला औषध द्यायची गरज नाही असं सांगितलं जायचं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीने ते मत हलवलं: जोडीदाराला ७ दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिल्यावर १२ आठवड्यांत परत होण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. म्हणून पुन्हा पुन्हा होत असेल आणि जोडीदार कायमचा असेल तर दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटावं.

ट्रायकोमोनासला बाईला मेट्रोनिडाझोल ७ दिवस. इथे जोडीदाराचा उपचार ऐच्छिक नाही, त्याला काही त्रास नसला तरी. दोघांचं औषध संपून लक्षणं जाईपर्यंत संबंध नको. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि बरोबर एचआयव्ही व सिफिलिसची चाचणी. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये हे सगळं फुकट होतं.

याच क्लिनिकमध्ये रंगाच्या किटने उपचार करायची पद्धत आहे. हिरव्या किटमध्ये सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, योनीमार्गाच्या स्रावासाठी. ओटीपोटात दुखत असेल, गर्भाशयाच्या तोंडातून पू येत असेल, तर किट वेगळं. ते द्यायच्या आधी विचारपूस आणि तपासणी होते, म्हणून त्याला अर्थ आहे. मेडिकलमध्ये मिळणारं चार गोळ्यांचं किट, एक फ्लुकोनाझोल, एक अ‍ॅझिथ्रोमायसिन, दोन सेक्निडाझोल, हे न तपासता सगळ्यांना सरसकट दिलं जातं. त्या चारांतली एकही गोळी मूत्राशयाच्या संसर्गाला उपयोगाची नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा आजार असेल तर तो अर्धवट दबतो. कॅन्सरची सुरुवात असेल तर वेळ जातो. संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर रक्त, दुर्गंधीचा रक्ताळलेला स्राव: यातलं काहीही असेल तर कुठलीही गोळी घेण्याआधी आतली तपासणी आणि पॅप टेस्ट, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची पेशींची तपासणी.

परत परत होत असेल तर

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा लघवीचा संसर्ग झाला, तर कारण शोधायला हवं: शुगर, मूतखडा, शुक्राणूनाशक लावलेले काँडोम. पाळी गेलेल्या बाईत बहुधा इस्ट्रोजेनची कमतरता असते. योनीमार्गाची कातडी पातळ आणि कोरडी होते, लॅक्टोबॅसिलस निघून जातात. इथे महिनोन्‌महिने अँटिबायोटिक खाण्यापेक्षा योनीत लावायची इस्ट्रिऑल क्रीम जास्त कामाची: दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारा.

बुरशी वर्षात तीनदा किंवा जास्त झाली तर शुगर तपासा, आणि मधुमेह असेल तर गोळ्यांची नावं वाचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि तीच साखर बुरशीला मिळते. गोळी स्वतः बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना खाजेबद्दल सांगा. उपचार म्हणून फ्लुकोनाझोल पहिल्या, चौथ्या, सातव्या दिवशी आणि मग आठवड्यातून एक, सहा महिने. तरीही जात नसेल तर बुरशीचं कल्चर करावं, कारण तिची एक जात या औषधाला सहज दाद देत नाही.

व्हजायनल वॉश, सुगंधी स्प्रे, डेटॉलचं पाणी, लसूण, दही, कडुलिंबाचा काढा, आत काहीच घालायचं नाही. दही खा. बाहेरून साधं पाणी पुरे. पावसाळ्यात चड्ड्या सुकत नाहीत ही मुंबईतली खरीखुरी अडचण आहे. ओलसर कपडा दिवसभर अंगावर राहिला की बुरशीचं फावतं. सुती घ्या, दोन जास्त ठेवा, दमट राहिल्या तर इस्त्री फिरवा. पॅड चार ते सहा तासांनी बदला.

पाण्याचं म्हणाल तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्या बायका कमी पाणी प्यायच्या आणि ज्यांना वारंवार संसर्ग व्हायचा त्यांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायल्यावर त्रास जवळपास निम्मा झाला. आता कसारा ते सीएसएमटी दोन तासांहून जास्त लोकलमध्ये, डब्यात शौचालय नाही, बाजारात किंवा साइटवर काम. अशा बाईला 'पाणी प्या' एवढं सांगून चालत नाही. ती पाणी पीत नाही, कारण तिला जायला जागा नाही. २०११ पासून 'राइट टू पी' ही मोहीम मुंबईत बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांची मागणी करते आहे, ते याचसाठी. तोवर वेळ बांधून घ्या: उठल्यावर दोन ग्लास, निघायच्या आधी शौचालय, प्रवासात घोटभर, कामाच्या ठिकाणी पोचल्यावर लगेच अर्धा लिटर, दुपारी पुन्हा तेवढंच, निघण्याच्या तासभर आधी थांबवा आणि गाडी पकडण्यापूर्वी पुन्हा शौचालय. अर्धवट उभं राहून लघवी केली तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. सीट पुसून किंवा त्यावर कागद टाकून नीट बसा, भारतीय पद्धतीचं असेल तर पूर्ण उकिडवं बसा, आणि धार थांबल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करा. संबंधानंतरही लघवी करून या.

क्रॅनबेरीच्या गोळ्यांनी वारंवार होणारा त्रास काही जणींत कमी होतो असं २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, दिसलं. झालेला संसर्ग त्याने बरा होत नाही. डी-मॅनोज नावाची महाग पावडर मात्र २०२४ च्या चाचणीत साध्या साखरेपेक्षा सरस ठरली नाही. ते पैसे कल्चरवर खर्च करा.

गरोदरपणात यातलं काहीही घरी सोडवायला बसू नका. पहिल्या तपासणीलाच युरीन कल्चर मागा. त्रास नसताना जंतू निघाले तरी उपचार घ्यावा लागतो, कारण तो संसर्ग मूत्रपिंडात चढण्याची आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याची भीती असते. औषध संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी कल्चर पुन्हा करून तो कागद बाळंतपणाच्या फाइलला लावून ठेवा.